फडके रोडवरचा बिबट्या

रोज संध्याकाळी लोकलने कल्याणकडे परतणाऱ्या माणसाला ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही तीन वेगवेगळी गावे आहेत असे सांगून पाहा. तो क्षणभर तुमच्या तोंडाकडे बघेल आणि आपली पिशवी छातीशी अधिक घट्ट धरील. त्याच्या लेखी ही एकाच गर्दीची तीन नावे. ठाण्याला थोडे उतरतात, डोंबिवलीला पुष्कळ उतरतात आणि कल्याणला दाराशी उभ्या असलेल्यांना उतरण्याचे श्रमसुद्धा पडत नाहीत. ते काम मागची मंडळी परस्पर उरकून टाकतात.

पण या गावांत राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. ठाणेकर तुम्हाला ऐकवील, की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी आगगाडी निघाली ती आमच्याकडे यायला. कल्याणकर त्यावर नुसता हसेल. आगगाडी ही त्याच्या हिशेबी कालपरवाची बाब. त्याच्या बंदराचे नाव 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात आहे आणि शिवाजी महाराजांचा दुर्गाडी त्याच्या खाडीवर उभा आहे. डोंबिवलीकराजवळ किल्ला नाही, बंदर नाही आणि पहिली गाडीही नाही. तो शांतपणे एवढेच म्हणतो, "पाडव्याला सकाळी फडके रोडवर या."

आणि जाऊन पाहिल्यावर मान्य करावे लागते, की या वाक्यात किल्ल्याइतका दम आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या गणेश मंदिराच्या पुढाकाराने १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा प्रथम डोंबिवलीत निघाली. पुढे ठाणे, गिरगाव आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी ती उचलली. ढोल, लेझीम, फेटे, नऊवारीतल्या दुचाकीस्वार सुना, शाळांचे चित्ररथ, ग्रंथदिंड्या — त्या सकाळी फडके रोडवर जो साध्या कपड्यांत दिसेल तो एकतर पोलीस नाहीतर पाहुणा.

या तिन्ही गावांचा आणखी एक रहिवासी आहे. त्याच्याजवळ रेशनकार्ड नाही आणि रेल्वेचा पास नाही. त्याचे नाव बिबट्या.

ठाण्याच्या उशाला येऊरचे रान आहे. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच पूर्वेकडचा भाग. साऱ्या उद्यानाचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आणि त्यात व त्याच्या आसपास बिबटे साधारण पन्नास. एवढ्या जागेत एवढे मोठे जनावर एवढ्या संख्येने नांदते आणि त्याच्या चारी बाजूंना माणसांची जगातली एक मोठी गर्दी नांदते. दोघेही एकमेकांना चुकवून दिवस काढतात. कधीमधी चुकवणे जमत नाही. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्याच्या समतानगरमधल्या एका मॉलच्या वाहनतळात बिबट्या दिसला आणि काही तासांनी जवळच्या हॉटेलच्या तळघरात पकडला गेला. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात तर तो थेट एका राहत्या इमारतीत शिरला. काही माणसे जखमी झाली. अखेर वनखात्याने त्याला गुंगीचे औषध देऊन पकडून नेले.

त्या चिंचपाड्यापासून माझ्या मुलीचे घर फार दूर नाही.

मुलीची मुलगी ठमी तेव्हा नऊ वर्षांची होती. ठमी हे अर्थातच घरातले नाव. शाळेतले नाव सांगितले तर ती माझ्याशी बोलणार नाही. तोपर्यंत ही मुलगी चार मजल्यांचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळून उतरत असे आणि तिची आई वरून ओरडत असे. त्या नोव्हेंबरनंतर आईला ओरडण्याचे कारण उरले नाही. ठमी जिन्यावरून एकटी उतरेना. खाली दूध आणायला जायचे म्हटले, की तिला अभ्यास आठवे. आईबापांनी नाना प्रकारे समजावले. बिबट्याला पकडले, गाडीत घातले, नेले, आता काही नाही. ठमीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण तो एकटाच होता कशावरून?" याचे उत्तर जावईबापूंजवळ नव्हते आणि खरे सांगायचे तर वनखात्याजवळही नसावे.

फेब्रुवारीत ती आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली असताना जेवताजेवता म्हणाली, "आबा, पाडव्याच्या यात्रेत मी बिबट्या होणार."

आमच्या सौभाग्यवतींच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने ठमीसाठी मोरपंखी रंगाची नऊवारी घेऊन ठेवली होती आणि वर मोत्यांची नथ. "अगं, पाडव्याला मुली सजतात," ती म्हणाली. "बिबट्या काय?"

"मी पण सजणारच आहे," ठमी म्हणाली. "ठिपक्यांनी."

हे काम माझ्याकडे आले, कारण मी निवृत्त आहे आणि निवृत्त माणसाला वेळ असतो अशी घरातल्या सर्वांची समजूत असते.

प्रथम आम्ही भाड्याने पोशाख देणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने चटकन वाघ काढून दाखवला. जाड केसाळ कापड, आत स्पंज आणि डोळ्यांच्या जागी बटणाएवढी दोन भोके. "बिबट्या नाही," तो म्हणाला, "पण वाघ घेऊन जा. लांबून कोणाला कळतंय?" ठमीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला अजून आठवते. वाघाला पट्टे असतात आणि कल्याणला वाघ येत नाही, हे तिने त्याला स्वच्छ सांगितले. मी तोवर ते डोके स्वतःच्या डोक्यावर चढवून पाहिले. समोरचा दुकानदार दिसत होता. पायाखालची पायरी, उजवीकडचे काउंटर आणि डावीकडची नात यांपैकी काही दिसत नव्हते. अर्ध्या मिनिटात कपाळावरून घाम ओघळला. तिथेच माझ्या मनाने एक गोष्ट पक्की केली. जनावराचा पोशाख शिवायचा तर आधी आतल्या माणसाचा विचार करायचा. जनावर मागाहून.

या बाबतीत मोठमोठ्यांचे हाल वाचण्याजोगे आहेत. १९३९च्या 'विझार्ड ऑफ ऑझ' या अमेरिकन चित्रपटात भित्रा सिंह झालेल्या बर्ट लार या नटाला खऱ्या सिंहाच्या कातड्याचा पोशाख चढवला होता आणि स्टुडिओतल्या प्रखर दिव्यांखाली तो त्यात शिजून निघे. जपानच्या १९५४च्या 'गॉडझिला'साठी बनवलेला पहिला पोशाख शंभर किलोच्या घरात गेला होता. हारुओ नाकाजिमा हा धट्टाकट्टा गडीसुद्धा त्यात काही मिनिटांपेक्षा टिकत नसे. आपल्याकडची माणसे शहाणी. त्रिशूरला ओणमच्या दिवसांत निघणाऱ्या पुलिकळीत वाघ होणारे लोक उघड्या अंगावर पिवळा-काळा रंग फासून घेतात आणि वर नुसता मुखवटा लावतात. हवा कशी असते हे केरळच्या माणसाला शिकवावे लागत नाही. आमच्याकडे चैत्रात पारा चाळिशीकडे सरकू लागतो आणि ठमीला त्या उन्हात गर्दीतून चालायचे होते.

तेव्हा आमचे ठरले: केसाळ कापड नाही, अंगात स्पंज नाही, डोके आणि अंग वेगळे. आणि सामानाच्या खरेदीसाठी आम्ही आजोबा-नात तीन रविवार मध्य रेल्वेच्या स्वाधीन झालो.

पहिला रविवार उल्हासनगरचा. डोंबिवलीहून कल्याण आणि तिथून कर्जतच्या फाट्याने विठ्ठलवाडीनंतरचे स्टेशन. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांना त्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या वस्तीची पायाभरणी होऊन तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. भागांना अजून एक नंबर कॅम्प, दोन नंबर कॅम्प असेच म्हणतात. ज्यांनी नेसत्या वस्त्रानिशी गाव सोडले, त्यांनी इथे कापडाचा एवढा मोठा बाजार उभा केला, की साऱ्या जिल्ह्यातली लग्ने त्यावर निभावतात.

गजानन मार्केटात साड्यांच्या डोंगरांमधून वाट काढत आम्ही बनियनच्या कापडाचा, म्हणजे होजिअरीचा, दुकानदार गाठला. हे कापड तिथे किलोवर मिळते. मला त्याची मोठी गंमत वाटली; बिबट्याचे कातडे बटाट्यांसारखे तोलून घेतले. निवड मात्र विचारपूर्वक होती. सुती होजिअरी घाम पिते, ताणली जाते आणि धुता येते. बिबट्याची लव मुळातच आखूड असते. अस्वल करायचे असते तर गोष्ट वेगळी. रंग निवडताना ठमीने तीन तागे नाकारले. एक हळदी, एक केशरी, एक चक्क श्रीखंडी. चौथा वाळलेल्या गवताच्या रंगाचा होता. पोटाखाली लावायला पांढरे कापड घेतले. बाजारातून फर्निचरवाल्यांकडे वळलो आणि गाद्यांसाठी कापलेल्या स्पंजच्या कडांचे तुकडे पिशवीभर आणले. शेपटीला तेवढे पुरतात.

दुसरा रविवार ठाण्याचा. तलावपाळीवरून जांभळी नाक्याकडे वळले, की ठाणे आपले उंच इमारतींचे सोंग उतरवून ठेवते आणि जुने बाजाराचे गाव होते. चेन, इलॅस्टिक, कापडावरचे रंग आणि काळी बारीक जाळी एवढे सामान तासाभरात झाले. जाळी हा या साऱ्या विद्येचा गाभा आहे. काळी जाळी आतून डोळ्याजवळ धरली, की बाहेरचे सगळे दिसते आणि बाहेरच्याला मात्र नुसता अंधार दिसतो. पांढऱ्या जाळीने हे होत नाही. ती उजेड परत फेकते. दुकानाच्या दारातच ठमीने जाळी तोंडासमोर धरून मसुंदा तलावातल्या होड्या मोजल्या आणि पास झाल्याचे सांगितले.

मग गडकरी रंगायतनसमोर आम्ही उसाचा रस घेतला. तिथून येऊरचे डोंगर दिसतात का, असे तिने विचारले. इमारतींच्या फटीतून दिसतात तेवढे मी दाखवले. ती बराच वेळ तिकडे पाहत होती. "तो तिथून चालत येतो?" "कधी रात्री." "मग परत जातो?" "बहुतेक वेळा परत जातो. आपल्याला कळतही नाही." तिने रसाचा पेला खाली ठेवला आणि सावकाश म्हणाली, "म्हणजे रोज येत असेल तरी रोज परत जातो."

तिसरा रविवार कल्याणचा. डोक्याचा सांगाडा कशाचा करावा, हा प्रश्न उरला होता. मुखवट्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाडा होतो; २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो मुलूख आमच्या ठाणे जिल्ह्यातलाच होता. देव, राक्षस आणि जनावरांचे मोठमोठे मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचतात. ते मुखवटे लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे. पण नऊ वर्षांच्या मानेला ते जड. कल्याणच्या बाजारात एका बुरडाने तो प्रश्न सोडवला. त्याने ठमीच्या डोक्याचे माप आपल्या वितीने घेतले आणि मोठ्या विणीची गोल टोपली तिच्या डोक्यावर पालथी ठेवली. टोपली ओठांपर्यंत उतरली. वजन म्हणाल तर एका नारळाइतकेही नाही, आणि विणीतून चारी बाजूंनी वारा. "सोंगाला नेताय न्हवं?" त्याने विचारले. आम्ही हो म्हटल्यावर त्याने पुढच्या बाजूच्या काही काड्या काढून तोंडाएवढी खिडकी करून दिली आणि काडीची टोके टोचू नयेत म्हणून आत दुमडली.

एवढ्या सामानावर कोणत्याही नवशिक्याने सुरुवात करावी. आमची कृती सांगतो. कुणाच्या घरी ससा, माकड किंवा बैल व्हायची इच्छा निघाली तर उपयोगी पडेल.

चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी जुन्या चादरीचा एक बिबट्या शिवावा. मुलाचा ढगळ पायजमा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा चादरीवर ठेवून भोवती चार बोटे सोडून आखावे, कमरेशी दोन्ही जोडावेत आणि धावदोरा घालून मुलाला चढवावे. मग त्याला मांडी घालायला, उकिडवे बसायला आणि दोन्ही हात वर करायला सांगावे. जिथे कापड ओढते तिथे ते कापून मधे तुकडा घालावा. काखेत आणि दोन पायांच्या मधे शंकरपाळ्याच्या आकाराची कळी घातली, की पोशाख फाटत नाही. जुन्या बाराबंदीला अशा कळ्या उगाच नसत. हा चादरीचा बिबट्या उसवून त्यावरून खरे कापड बेतावे. चेन पाठीला असावी आणि तिच्या टोकाला लांब नाडी बांधावी. मूल आत आहे आणि बाहेर कोणी नाही, अशी वेळ येऊ शकते.

शेपूट कधीही कापडाला शिवू नये. यात्रेत ती ओढणारा कोणी ना कोणी भेटतोच आणि मग पोशाखासकट अब्रू जाते. आत कमरेला रुंद पट्टा, शेपूट त्या पट्ट्याला आणि पोशाखाला नुसते भोक. बिबट्याची शेपूट लांब असते, धडाच्या लांबीला जवळजवळ पुरून उरते. तिच्यात स्पंजचे तुकडे भरावेत. तार अजिबात नको, गर्दीत ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते.

टोपलीवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवून गाल, कपाळ आणि नाक उभारले. कान पुठ्ठ्याचे. पट्ट्यांना कणकेची खळ. पुस्तके बांधणारे खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. इथे ते विष नको, कारण मुलाचे तोंड त्याच्याजवळ असते. डोक्याच्या मागच्या आणि वरच्या बाजूला कागद लावलाच नाही. तिथली वीण मोकळी ठेवून वरून फक्त ठिपक्यांचे पातळ कापड ओढले. वाफ वर जाते, हे ज्याने चहा केला आहे त्याला ठाऊक असते. बिबट्याचे डोळे चेंडू कापून रंगवलेले, नुसते दिसायला. ठमी पाहणार होती ती त्याच्या उघड्या जबड्यातून, काळ्या जाळीतून.

राहिले ठिपके. बिबट्याचे ठिपके म्हणजे कुंकवाचे टिळे नव्हेत. पाठीवर आणि कुशीत तुटक काळ्या पाकळ्यांची कडी असते आणि आत जरा गडद पिवळे. डोके, मान आणि पाय यांवर मात्र भरीव टिपके. कड्याच्या आत आणखी बारीक ठिपका असला तर तो अमेरिकेतला जॅग्वार आणि अंगभर नुसते भरीव ठिपके असले तर चित्ता. ही कडी शेकड्यांनी काढायची कशी, या विचारात मी असताना सौभाग्यवतींनी विळी पुढे ओढली, एक जाडशी भेंडी मधोमध चिरली आणि रंगात बुडवून चादरीवर दाबली. पाच पाकळ्यांचे सुरेख फूल उमटले. मोठ्या ठशांसाठी भोपळी मिरची. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात अर्धा किलो भेंडी आणि तीन मिरच्या बिबट्याच्या कामी आल्या. नऊवारी मनातून गेली नव्हती. पण ठसे मारताना तीच सर्वांत रंगली होती. "पाठीवर मोठे हवेत गं, पायांवर बारीक," असे नातीलाच ऐकवीत होती. रंग एक दिवस वाळू दिला आणि उलट बाजूने इस्त्री फिरवली, की तो धुण्यात जात नाही.

पंजे लोकरी हातमोज्यांचे आणि तेही बोटे मोकळी ठेवून, म्हणजे पाण्याची बाटली उघडता येते. पायांत तिचे रोजचे बूट, वर फक्त ठिपक्यांचे झाकण. तळवा उघडा, नाहीतर घसरते.

पोशाख झाला की आरशासमोर उभे राहून कौतुक करून घेणे सोपे असते. खरी परीक्षा जिन्यावर. पायाखालचे दिसते की नाही हे तिथेच कळते. पाडव्याच्या आदल्या रविवारी आम्ही पोशाख घेऊन कल्याणला मुलीकडे गेलो. ठमीला अंग चढवले, डोके घातले आणि मी म्हणालो, "चला, जिना उतरून बघू. मी पुढे होतो."

"नको," जबड्यातून आवाज आला. "तुम्ही थांबा. बिबट्याबरोबर आबा नसतात."

ती दाराबाहेर पडली. मुलगी पुढे सरसावली, तिला मी हाताने थांबवले. चौथा मजला, तिसरा, दुसरा. बुटांचा आवाज येत होता, कठड्याला शेपूट घासल्याचा आवाज येत होता. पहिल्या मजल्यावर कोणाचे तरी दार उघडले, एक किंकाळी आली आणि पाठोपाठ हसणे. मग खाली अंगणात मुलांचा कल्ला. मुलगी खिडकीशी गेली. मी कठड्याशी उभा राहून वाट पाहिली. थोड्या वेळाने बुटांचा आवाज पुन्हा वर येऊ लागला, आणि दोन-दोन पायऱ्या गाळल्या की जसा येतो तसा तो येत होता.

"डोकं काढून हातात घे आणि मग धाव!" मुलगी वरून ओरडली. चार महिन्यांनी पहिल्यांदा ओरडली.

२२ मार्च २०२३ची सकाळ. फडके रोडवर रांगोळ्यांनी पाऊल ठेवायला जागा नव्हती. ठमीच्या बिबट्यामागे मी पाण्याची बाटली, रुमाल आणि मोसंबीच्या फोडींचा डबा घेऊन माहुतासारखा चालत होतो. नियम ठरलेला होता: दहा मिनिटे डोके चढवायचे, दहा मिनिटे माझ्या हातात. ऊन चढत गेले तसा हा हिशेब पाच-पंधरावर आणला. तीव्र उकाड्यात मूल स्वतःहून थांबत नाही; त्याला गंमत येत असते. मोठ्यांनी घड्याळ पाहायचे. लोक पुढे येऊन फोटो काढत होते. एका आजींनी बिबट्याला हळदीकुंकू लावले. एक लहानगा रडू लागला तेव्हा ठमीने गुडघ्यावर बसून आपले डोके काढून त्याच्या हातात दिले आणि "बघ, आत कुणी नाहीये. टोपली आहे," असे त्याला सांगितले.

माझी ही कथा इथे संपायची, पण बुरडाचे एक वाक्य माझ्या मनात राहिले होते. टोपलीचे पैसे देताना त्याने विचारले होते, "वाघबारशीला?" मी नुसती मान हलवली होती. घरी येऊन शोध घेतला. आपण दिवाळीच्या पहिल्या दिवशी, अश्विन वद्य द्वादशीला, वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो. सह्याद्रीतल्या महादेव कोळी आणि इतर आदिवासींच्या वाड्यांवर तोच दिवस वाघबारस. ज्याच्यापासून गुरांना भय, त्याचीही त्याच दिवशी पूजा. वारली लोकांचा वाघोबाही तसाच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, पालघर आणि ठाणे या जिल्ह्यांत त्याची दीडशेहून अधिक ठाणी नोंदलेली आहेत.

म्हणून त्या वर्षी, ९ नोव्हेंबर २०२३ रोजी, आम्ही कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागलो. भातकापणी चालू होती. माळशेज चढून ओतूर आणि पुढे अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर एका जुन्या स्नेह्यांकडे. ठमीने टोपलीचे डोके सगळी वाट मांडीवर धरले होते.

संध्याकाळी गुराखी पोरे वाघोबाच्या ठाण्यापाशी जमली. शेंदूर लावलेला दगड, नारळ, दुधाची खीर. मग सोंगे निघाली. एकजण वाघ, एक अस्वल, एक कोल्हा. वाघ म्हणजे काय, तर खांद्यावर घोंगडी आणि तोंडाला काजळी. बाकीची पोरे काठ्या घेऊन त्यांच्यामागे धावली, त्यांना दटावून आमच्या शिवारात पुन्हा येऊ नका असे वदवून घेतले आणि शिवेपलीकडे पळवून लावले. तिथून सोंगे हसत परत आली आणि सगळ्यांच्या पंक्तीत खिरीला बसली. वाघाला मारल्याचे नाटक कुणी केले नाही. त्याने त्याच्या रानात राहावे, एवढाच करार, आणि तो दर दिवाळीला नव्याने.

ठमी हे सगळे एकटक पाहत होती. घोंगडीवाला वाघ तिच्या शेजारी येऊन बसला, तेव्हा तिने त्याला पहिला प्रश्न विचारला, "तुझी शेपूट कुठंय?"

"पळताना पायात येती," तो म्हणाला. मग त्याची नजर तिच्या मांडीवरच्या डोक्याकडे गेली. त्याने कान चाचपले, आतल्या विणीतून बोट फिरवले. ठमीने ते त्याच्यापुढे केले. त्याने डोके चढवले, जबडा डोंगराकडे वळवला, मग पंक्तीकडे, मग स्वतःच्या पायांकडे.

"आरं," आतून आवाज आला, "हितून तर समदं दिसतंय!"